कंडक्टरचे आभार

“मागचे पुढे सरका, मधे जागा आहे,” कंडक्टर माइकवर म्हणाला आणि अख्खं सभागृह हसलं.

आधी क्षणभर कुणालाच कळलं नव्हतं, हसायचं की नाही ते. आवाजच तसा होता. पत्र्यावरून खडा ओढत न्यावा तसा, आणि मधेच खडा हातातून निसटावा तसा बंद पडणारा. पण माणूस स्वतःच मिशीत हसत होता. तेव्हा पहिल्या रांगेतले मोठे डॉक्टर हसले, मग मेट्रन हसली, मग मेट्रन हसल्याशिवाय ज्यांना हसता येत नाही त्या सगळ्या हसल्या.

सिस्टर तेवढी हसली नाही. ती मधल्या रांगेत, खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती.

रुग्णालयाचा वर्धापनदिन होता. दरवर्षी बऱ्या झालेल्या एका पेशंटला बोलवायचं, त्याने दोन शब्द गोड बोलायचे, टाळ्या, चहा, की मंडळी पुन्हा आपापल्या कामाला. यंदा कंडक्टरने स्वतःच निरोप धाडला होता. मला एका सिस्टरचे आभार मानायचेत, म्हणाला, आणि सगळ्यांच्या देखत मानायचेत.

“नाव घेतलं की उभं राहायचं हं,” शेजारी बसलेला वॉर्डातला मामा कुजबुजला. मामा म्हणजे स्ट्रेचर ढकलणारा. त्याच्या तोंडाला सुट्टी नसते. “मागल्या खेपेला एकीने बसल्याबसल्याच हात हलवला, तर मेट्रनबाईंचं तोंड आठवडाभर एरंडेल प्यायल्यासारखं.”

“मामा, गप बसा.”

“तुम्ही एवढ्या का घाबरलाय? माणूस आभार मानतोय, पोलिसात नाही गेला.”

या माणसाला नक्की काय काय आठवतं, एवढंच सिस्टरला कळायला हवं होतं. अतिदक्षता विभागात गुंगीत ठेवलेली माणसं बाहेर आल्यावर काहीच्या बाही सांगतात. कुणी म्हणतं छतावर मुंग्या होत्या, कुणी म्हणतं माझा पलंग रोज दुसऱ्या घरात नेत होते. यालाही असलंच काहीतरी आठवत असलं तर बरं. मुंग्या आठवोत, हत्ती आठवोत, फक्त ती एक दुपार आठवू नये. ती दुपार आज वर आली असती, तर पहिल्याच रांगेत डॉक्टर होते, मेट्रन होती. आणि पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसलेली कंडक्टरची बायको होती.

“ह्या सिस्टरनी,” कंडक्टर म्हणाला, “माझे हात”

आणि खडा निसटला. आवाज संपला. बायको उठली, बाटली द्यायला स्टेजकडे गेली.

*

तो पाणी पितोय तोवर हातांचं सांगून टाकू.

ऑपरेशन मोठं होतं. त्यानंतर कंडक्टर श्वासाच्या मशीनवर होता, घशात नळी. अशी नळी घशात असताना माणूस अर्धवट शुद्धीवर आला की त्याचे हात पहिल्यांदा नळीकडे जातात. यात त्याचा काही दोष नसतो. तुमच्या-आमच्या घशात कुणी बोटभर जाडीची नळी सारली तर आपणही तेच करू. म्हणून मनगटाला गॉझची घडी, त्यावर पट्टी, आणि पट्टी पलंगाच्या कठड्याला बांधायची. नियम आहे, आणि नियम बरोबर आहे.

सिस्टरचा नियम त्यात थोडा वेगळा होता. भेटीच्या वेळेला ती एक हात सोडायची. नुसता नाही. तो हात ती भेटायला आलेल्या माणसाच्या हातात द्यायची आणि सांगायची, “घट्ट धरा. मी येईपर्यंत सोडायचा नाही.” बांधलेला हात सारखी ओढाताण करतो आणि कुणी धरलेला हात झोपी जातो, हे तिने इतक्यांदा पाहिलं होतं की त्यात तिला धोका वाटेनासाच झाला होता. मेट्रनला हे माहीत नव्हतं. विचारायला गेलं तर नाही म्हणतील, म्हणून ती कधी विचारायलाच गेली नाही.

कंडक्टरची बायको पहिल्या दिवशी पडद्यापाशी आली आणि तिथेच थिजली.

“बांधलंय का हो त्यांना?”

“नळीसाठी, वहिनी. दुखत नाही त्यांना.”

“अहो, हा माणूस बसमध्ये कधी दांडा धरून उभा राहिला नाही. घाटातसुद्धा नाही. दोन्ही हात मोकळे, एका हातात तिकिटं नि एका हातात चिमटा. लोक म्हणायचे, मास्तर, पडाल एखाद दिवशी. हे म्हणायचे, पडायला मी काय प्रवासी आहे?” आणि तिने पदराने नाक पुसलं. “मला नाही बघवत.”

सिस्टरने गाठ सोडली. हात बायकोच्या हातात दिला. कंडक्टरच्या बंद पापण्यांखाली काहीतरी हललं आणि शांत झालं.

त्यानंतर रोज.

*

“माझे हात सोडले,” कंडक्टर म्हणाला.

टाळ्या. टाळ्या कशासाठी ते कुणालाच नीटसं समजलं नव्हतं. पण म्हातारा माणूस स्टेजवर डोळे पुसतोय म्हटल्यावर हात आपोआप एकमेकांवर येतात.

मोठ्या डॉक्टरांनी मात्र टाळी अर्धी वाजवली. त्यांचा एक तळवा दुसऱ्यावर तसाच राहिला.

“बाकी सगळे बांधायचे. ह्या सोडायच्या. दाढी करून द्यायच्या. मी एक अक्षर बोलू शकत नव्हतो, तर ह्याच दोघांचं बोलायच्या. कसे आहात मास्तर? बरा आहे सिस्टर. आज गाडीला गर्दी आहे का मास्तर? फार आहे सिस्टर.”

हशा.

“मला वाटायचं, मी अजून माणूस आहे.” तो थांबला. “फोनवर नात म्हणते, आजोबा, राक्षसाचा आवाज काढू नका ना. मी म्हणतो, बाळा, हाच आहे आता. मग ती फोन आईकडे देते.”

पुन्हा हशा झाला, पण खालच्या पट्टीत. मामाने सिस्टरकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते.

“बोला मास्तर,” मागून कुणीतरी ओरडलं.

“बोलतो. शेवटचा स्टॉप आलाच.” त्याने घोट घेतला. “सगळे मला सांगतात, तुला काय आठवणार, तू गुंगीत होतास. मला आठवतं. एक दुपार आठवते. कुणीतरी माझा हात हातात घेतला होता. उबदार हात. जगात दुसरं काहीच नव्हतं, तो हात होता. मी मनात म्हटलं, आता मेलो तरी हरकत नाही. आणि तेवढ्यात”

*

तेवढ्यात फोन वाजला होता.

पलीकडच्या पलंगाचं मशीन ओरडायला लागलं म्हणून सिस्टर धावली होती. “वहिनी, धरून ठेवा,” एवढं ओरडून ती पडद्यापलीकडे गेली. वहिनींच्या पर्समधे फोन वाजत होता. त्यांच्या बहिणीचा. मास्तर आजारी पडल्यापासून ती रोज याच वेळी करायची आणि नाही उचलला तर काहीतरी झालं असं समजून रडायला लागायची. वहिनींनी हात सोडला, पर्सची चेन उघडली. “हो गं, आज पुष्कळ बरे आहेत,” असं त्या सांगत होत्या.

पुढचं सांगण्यासारखं नाही आणि लांबणारंही नाही. नळीच्या टोकाला आत हवेचा एक फुगा असतो, नळी जागची हलू नये म्हणून. नळी काढायची तर आधी तो फुगा रिकामा करतात. कंडक्टरने नळी फुग्यासकट ओढली. ज्या जागेतून माणसाचा आवाज निघतो, त्याच जागेतून तो फुगा बाहेर आला.

सिस्टर धावत आली तेव्हा वहिनी भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या आणि त्यांच्या हातातल्या फोनमधून आवाज येत होता, “हॅलो? अगं, काय झालं? हॅलो?”

सिस्टरने त्यांना पडद्याबाहेर ढकललं.

“बाहेर जा. तुम्ही इथे नव्हतात. कळलं? तुम्ही इथे नव्हतातच.”

डॉक्टर आले, नळी पुन्हा घातली, जीव वाचला. “सुटली कशी?” त्यांनी विचारलं. सिस्टर म्हणाली, “गाठ सैल झाली असावी.” हे तिने वहिनींसाठी म्हटलं की स्वतःसाठी, याचा तिने नंतर पुष्कळदा विचार केला आणि प्रत्येक वेळी तिला वेगळं उत्तर मिळालं.

*

“आणि तेवढ्यात मला खोकला आला. पुढचं नाही आठवत.” कंडक्टर हसला. “पण तो हात मी विसरणार नाही. या, सिस्टर.”

ती उभी राहिली. मामाने तिला कोपराने ढकललं म्हणून चाललीसुद्धा.

कंडक्टरने खिशातून रुमाल काढला, रुमालातून एक वस्तू काढली. तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा. घासून लख्ख केलेला. “नोकरी संपली तेव्हा साहेबांनी परत मागितला होता,” तो माइकवर म्हणाला, “मी म्हटलं, हरवला. आयुष्यात तेवढीच चोरी केली. तुम्हाला देतोय.”

टाळ्या थांबेनात. तिने चिमटा घेतला. तो तिच्या तळहातात गरम लागला. इतका वेळ त्याच्या खिशात होता म्हणून.

स्टेजवरून उतरताना तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं. मोठे डॉक्टर मेट्रनच्या कानाला लागले होते.

*

मेट्रनच्या खोलीत चहा आला. कंडक्टरला वाटलं, हाही सत्काराचाच भाग. तो खुर्चीत ऐसपैस बसला. बायको शेजारी, पर्स मांडीवर. सिस्टरला कुणी बस म्हटलं नाही.

“मास्तर, छान बोललात,” मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांनी कपाला हात लावला नव्हता. “एक विचारू? ती दुपार म्हणालात. त्याच दुपारी खोकला आला?”

“त्याच.”

“आणि हात सोडलेले होते.”

“सांगितलं ना. रोज सोडायच्या.”

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. हा माणूस वाईट नव्हता. पण कंडक्टरच्या जावयाने त्यांना रुग्णालयाच्या दारात, चार लोकांत सुनावलं होतं की ऑपरेशन झकास केलंत हो, फक्त सासऱ्यांचा आवाज तेवढा आत विसरलात. गावभर तेच झालं होतं. ते वाक्य त्यांच्या घरी त्यांच्या आधी पोचलं होतं. आणि त्यांना त्यावर उत्तर नव्हतं, कारण सैल गाठ हे काही उत्तर नव्हे.

“मास्तर, तुमचा आवाज ऑपरेशनमध्ये नाही गेला,” ते म्हणाले.

“मग?”

“तुम्ही स्वतःच्या हाताने नळी उपटलीत. तुमचे हात बांधलेले असते तर उपटता आली नसती. तुम्ही आज तुमच्या स्वतःच्या आवाजात भाषण केलं असतं. ह्या बाईंचे आभार मानायला निघालात, पण मग भाषणात हेही घाला.”

“डॉक्टर,” मेट्रन हळूच म्हणाली.

“नाही, त्यांना कळू दे. मला जगभर तोंड लपवावं लागलंय.”

कंडक्टर आधी हसला. समोरच्याची थट्टा उशिरा कळली की माणूस हसतो तसा. मग त्याने घशावर हात ठेवला. तो हात तिथेच राहिला.

“खरं का, सिस्टर?”

“हो.”

“गाठ सुटून नळी सरकली, एवढंच म्हणाले होते मला.”

“मी सोडली होती.”

“मला बोलला का नाहीत?”

खिडकीबाहेर ॲम्ब्युलन्स मागे घेत होते, आणि मामाचा आवाज येत होता, “येऊ द्या, येऊ द्या, बास.”

कंडक्टर मान खाली घालून विचार करत होता. आठवणीत हात घालून काहीतरी चाचपत होता. मग त्याने मान वर केली.

“पण माझा हात कुणीतरी धरला होता,” तो म्हणाला. “हे मला स्वप्न नाही पडलेलं. धरला होता.”

वहिनींच्या बोटांत पर्सची चेन होती. ती थोडी मागे गेली, थोडी पुढे आली.

“तू होतीस का गं तेव्हा?” त्याने बायकोला विचारलं. संशय नव्हता त्यात. चष्मा कुठे ठेवलास, असं विचारावं तसं विचारलं.

वहिनींनी सिस्टरकडे पाहिलं. एकदाच.

“मी नव्हते तिथे,” त्या म्हणाल्या. “मी बाहेर होते. सिस्टरनीच बाहेर पाठवलं होतं मला. विचारा त्यांना.”

शब्द सिस्टरचेच होते. तिनेच दिले होते, तिनेच पाठ करून घेतले होते, आता ते तिच्याकडे परत आले. त्यात एकही अक्षर खोटं आहे असं तिला म्हणता आलं नसतं.

तिने कंडक्टरच्या घशाकडे पाहिलं, मग त्याच्या सदऱ्याकडे. इस्त्री केलेला. कॉलरचं वरचं बटण कुणीतरी थोडं कडेला सरकवून शिवलं होतं, घशाला काच नको म्हणून. त्याला रोज गरम पाण्याच्या गुळण्या कोण देत असेल, फोनवर त्याच्या वतीने कोण बोलत असेल, नात घाबरली की मधे कोण पडत असेल. या खोलीतून बाहेर पडल्यावर तो कुणाच्या आधाराने जिना उतरणार होता.

“त्या नव्हत्या,” सिस्टर म्हणाली. “मीच होते.”

“म्हणजे तो हात तुमचाच.”

“माझाच.”

कंडक्टरने मान हलवली. त्याला तेवढं तरी जमेस धरता आलं, असं क्षणभर वाटलं. मग तो खुर्चीत पुढे झुकला आणि त्या पत्र्याच्या आवाजात, जेवढा उरला होता तेवढ्यात, त्याने विचारलं,

“मग सोडलात का?”

त्याने पुन्हा विचारलं. यावेळी आवाज आलाच नाही, नुसते ओठ हलले. पण अतिदक्षता विभागात इतकी वर्षं काढलेल्या बाईला ओठ वाचता येतात.

“पलीकडच्या पेशंटकडे जावं लागलं,” ती म्हणाली.

“पलीकडच्या.” त्याने बायकोकडे पाहून मान डोलावली, जणू भांडणात कुणीतरी शेवटी आपली चूक कबूल केली होती. “हां.”

सिस्टरने चिमटा पुढे केला. तळहातावर ठेवून, औषधाची गोळी द्यावी तसा. कंडक्टरने त्याच्याकडे पाहिलं आणि हात पाठीमागे घेतले. दोन्ही. एकमेकांत अडकवून.

वहिनींनी चिमटा उचलला. पर्स उघडली, फोनच्या शेजारी ठेवला, चेन ओढून घेतली.

“चला,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “गाडी चुकेल.”

दारात तो अडखळला तर त्यांनी चटकन त्याचं मनगट धरलं.

*

“उद्यापासून ओपीडीत,” मेट्रन म्हणाली. “केसपेपर लावायचे, रांग बघायची. पेशंटला हात लावायचा नाही. पुढचं वरचे ठरवतील.” मग खिडकीकडे पाहत, “मला विचारलं असतंस तर?”

“तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“हो. म्हणाले असते.” तिने गार झालेला चहा बाजूला सारला. “आजची पाळी पुरी कर. बदली माणूस नाहीये.”

*

जिन्यात मामा भेटला.

“काय मग, सिस्टर? पार्टी कधी? आणि तो चिमटा दाखवा की. माझ्या तिकिटाला एक भोक पाडून द्या, वर जायचं तिकीट, म्हणजे यमाला सांगतो पंच झालंय.”

ती त्याच्या बाजूने वर गेली. मामाने तिच्या पाठीकडे पाहिलं आणि पुढचा विनोद केला नाही.

भेटीची वेळ सुरू झाली होती. कंडक्टर होता त्या पलंगावर आता एक उसाची गाडी चालवणारा होता, मजबूत बांध्याचा, घशात नळी. गेले काही दिवस तीच त्याची सिस्टर होती. तिचं पाऊल ऐकलं की तो डोळे उघडायचा आणि उजव्या हाताची बोटं उलगडायचा, कारण भेटीच्या वेळेला तोच हात सुटतो हे आता त्याला कळलं होतं. आजही त्याने बोटं उलगडली.

पडद्यापाशी त्याची मुलगी उभी होती. तिने चपला बाहेर काढल्या होत्या, हात धुतले होते, आणि सिस्टरने शिकवल्याप्रमाणे पुसून, कोरडे करून, आधीच पुढे धरले होते.

“द्या ना, सिस्टर,” ती म्हणाली. “घट्ट धरते.”

बाप सिस्टरकडे पाहत होता. तोंडात नळी असलेल्या माणसाला हसता येत नाही, पण डोळ्यांच्या कडा त्याला आवरता येत नाहीत.

सिस्टर वाकली. पट्टीखालची गॉझ नीट केली, मनगट कुठे काचत नाही ना ते बोट घालून पाहिलं. मग गाठीचं टोक दोन बोटांत पकडलं आणि ओढलं.

गाठ पक्की होती. तिने आणखी एकदा ओढून पाहिली, आणि पुढच्या पलंगाकडे गेली.

मुलगी हात तसेच पुढे धरून उभी राहिली.